बाटली हलवून घ्यावी

माझ्या हातून आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य म्हणजे ‘बाटली हलवून घ्यावी’. बोरूने लिहिलं, टाकाने लिहिलं, एकदा दौत सांडली तेव्हा काडी बुडवून लिहिलं. सरकारी दवाखान्यात मी तीस वर्षं कंपाउंडर होतो. एवढ्या वर्षांत हे वाक्य वाचून खरोखर बाटली हलवणारी माणसं किती भेटली म्हणाल, तर एका हाताची बोटं पुरतील आणि अंगठा मोकळा राहील. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांना वाटायचं, ही सूचना न शिकलेल्यांसाठी आहे.

दवाखाना पश्चिम खानदेशात, तापीच्या उत्तरेला. औषधं द्यायच्या खिडकीतून सातपुडा दिसायचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक चूक येणार आहे. ती माझी होती, गावाने तिच्यात वाटा का घ्यावा? ज्या खेड्यात ती जाऊन फुटली त्याला मी पिंपळखेडं म्हणतो. तेही नाव खरं नाही.

कंपाउंडर म्हणजे काय, हे आताच्या तयार गोळ्यांच्या दिवसांत सांगावं लागतं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि आम्ही औषध बनवत असू. मोजायचं, खलायचं, मिसळायचं, गाळायचं. बाटली पेशंटने घरून आणायची. तिला कधी रॉकेलचा वास, कधी माक्याच्या तेलाचा. मिक्स्चर भरलं की कागदाची पट्टी घडी घालून कातरायची आणि बाटलीला उभी चिकटवायची. तिच्यावर जितके दात, तितके डोस. एका गृहस्थांनी औषध राखून ठेवलं आणि पट्टीचा एकेक दात रोज फाडून पाण्याबरोबर गिळला. वर गुण आला म्हणून सांगायला आले. डॉक्टर म्हणाले, “यांना आणखी एक पट्टी द्या.”

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात, काळपट हिरव्या अर्काची एक बाटली असे. तिच्या चिठ्ठीवर लांबलचक लॅटिन नाव होतं. आम्ही तिला नुसतं ‘हिरवी’ म्हणायचो. ती गांज्याची. बाजारात सरकारी मक्त्याच्या दुकानातून जो चिलमीसाठी नेत, तोच गांजा स्पिरिटात उतरून आत आला की औषध होई. अर्धशिशी, धनुर्वात, डांग्या खोकला, बायकांची पोटदुखी, न येणारी झोप, या सगळ्यांसाठी डॉक्टर तो थेंबांनी लिहीत. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं पाहतात, जणू मी तीस वर्षं धुनीपाशीच बसलो होतो.

या झाडातलं जे काही माणसाला धरतं ते राळेत असतं. मादी झाडाच्या तुऱ्यांवर ती राळ येते, आणि बी धरलं की कमी होते. म्हणून शेतकरी नर झाडं हुडकून उपटून टाकत. तुरे चुरगाळले की राळ बोटांना अशी चिकटते की पाण्याने काही केल्या निघत नाही. अफूतून मॉर्फिन निघतं, सिंकोनाच्या सालीतून क्विनीन निघतं, कुचल्यातून त्याचं विष निघतं. ही सगळी दाणेदार, पांढरी, तराजूत तोलता येणारी. गांज्यातून मात्र इतक्या खटपटीनंतर हाती येते ती चिकट राळच. तिच्यात पुष्कळ द्रव्यं एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यातलं डोकं फिरवणारं कोणतं आणि दुखणं थांबवणारं कोणतं, हे मी लिहितोय तोपर्यंत तरी कुणी बोट ठेवून सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यामुळे हिरवीचा भरवसा नसे. एका बाटलीचे दहा थेंब माणसाला गाढ झोपवत, दुसऱ्या बाटलीचे दहा थेंब पाण्यासारखे जात. जुनी झाली की तिचा जीवच जाई. नवी बाटली उघडली की डॉक्टर अगदी थोडक्यापासून सुरुवात करत. ते पुण्याकडचे, शिस्तीचे, बोलणं कमी. पण या एका औषधावर त्यांचा लोभ होता. म्हणायचे, “अफू दुखण्याला झोपवते. ही दुखण्याला उचलून पलीकडच्या खोलीत नेऊन बसवते. दुखणं तिथे असतं, पण आपल्याशी बोलत नाही.”

तिचा दुसरा गुण मला प्रकाशा गावच्या संगमावरच्या एका बैराग्याने शिकवला. तो खोकल्यासाठी आला होता. आमच्या बाटलीचं बूच काढून त्याने वास घेतला आणि नाक मुरडलं. म्हणाला, “बेटा, चिलम से गया तो दम भर में आता है, दम भर में जाता है. पेट में गया तो देर से आता है, मगर घर बना के बैठता है.” पुस्तकातही तेच होतं, पण पुस्तकाने दोन पानं घेतली होती.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर सगळं रामायण घडलं. राळ स्पिरिटात विरघळते, तुपात विरघळते, दुधातल्या स्निग्धात उतरते. पाण्यात विरघळत नाही. हिरवीचे थेंब पाण्यात टाकले की पाणी हिरवट दुधाळ होतं आणि राळ हळूहळू काचेला जाऊन चिकटते. ती पाण्यात तरंगती ठेवायला आधी डिंकाचं दाट पाणी घालायचं असतं. डिंक नसेल, तर वरच्या डोसात नुसतं पाणी आणि सगळं औषध काचेला.

गजराबाई पिंपळखेड्याच्या. घरची शेती मोठी, अंगावर दागिने भरपूर, पण स्वभावाने इतक्या काटकसरी की तुपाचं भांडं घासायला टाकण्याआधी त्यात गरम भात कालवून खायच्या. त्यांना अर्धशिशी होती. दर आठ-पंधरा दिवसांनी दमणीत, म्हणजे घरच्या छोट्या बैलगाडीत, बसून यायच्या आणि डोक्याला फडकं करकचून बांधलेल्या अवस्थेत खिडकीशी उभ्या राहायच्या.

“कंपोंडर दादा, डावा डोयाना मांगे कोनीतरी खुंटा ठोकी ऱ्हायना. तुम्हनी ती हिरवी द्या, भो. नी बाटलीमा पानी कमी टाका, तुम्हले सवय शे पानी टाकानी.”

त्यांना मी फार आवडायचो असं नाही, पण माझ्याशी भांडायला त्यांना आवडायचं. मलाही. डोकं ठणकत असतानाही ही बाई गावातल्या गवळ्यापासून आमच्या डॉक्टरांपर्यंत एकेकाची हजामत करायची, आणि औषध लागू पडलं की पुढच्या खेपेला पदराआड झाकून शेंगदाण्याची मूठ आणायची.

त्या साली हिवाळ्यात आमच्याकडचा डिंक संपला. मागणीपत्र गेलं होतं, पेटी यायची होती. गजराबाई आल्या तेव्हा खिडकीपुढे गर्दी होती, डॉक्टर धडगावकडे देवी टोचायच्या दौऱ्यावर निघायच्या घाईत होते. मी हिरवी मोजली, पाणी घातलं, पट्टी लावली, ‘बाटली हलवून घ्यावी’ लिहिलं आणि दिली बाटली. मनात म्हटलं, हलवली तर हलवली. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे घराघरात धावड्याच्या डिंकाचे लाडू होतात, तिथे मी डिंक नाही म्हणून औषध तसंच दिलं. बाजार दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

चार दिवसांनी भर दुपारी त्यांचा मुलगा शंकर दमणी पळवत आला. बैलांच्या तोंडाला फेस होता.

“दादा, चला. आईना डोकामा काही व्हई गयं. हासस, रडस, नी म्हनस मी मरी गयी.”

डॉक्टर दौऱ्यावर. मीच गेलो. ओसरीवर खाटेवर गजराबाई पडल्या होत्या. डोळे लाल, ओठ कोरडे, नाडी धावत होती. मला पाहून त्यांनी हात धरला.

“कंपोंडर दादा, माले मरीसन किती दिन व्हयनात?”

“तुम्ही जिवंत आहात, गजराबाई.”

“मंग तुम्ही बी मरी गयात का?” असं म्हणून त्या खदखदून हसल्या, आणि हसता हसता घाबरून रडायला लागल्या.

नाडी हातात असतानाच मला कळून चुकलं होतं. अफूने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तशी ती झालेली नव्हती. दारूचा वास नव्हता. तोंडाला कोरड, छातीत धडधड, घटकेचा महिना झालेला. मी कोनाड्याकडे पाहिलं. बाटली तिथेच होती. खालच्या काचेवर राळेचा हिरवा थर असायला हवा होता. तो नव्हता. काच लख्ख होती आणि गळ्याशी दुधाची साय वाळली होती.

गजराबाई प्रत्येक भांडं विसळून प्यायच्या. औषधाची बाटलीही त्या दर वेळी गरम दूध घालून विसळत आणि पीत असणार. इतके दिवस डिंकामुळे काचेला काही उरतच नव्हतं, म्हणून काही झालं नव्हतं. या खेपेला चार दिवस त्यांनी नुसतं पाणी प्यायलं होतं आणि अखेरीस गरम दुधाने सगळी हिरवी एका घोटात घेतली होती.

त्यांचे यजमान दगडूबापू खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मोठं पागोटं, मोठ्या मिशा, शब्द मोजून बोलणारा माणूस. ते म्हणाले, “वहूनी दूध दिन्हं. ते पिधं, नी घटकाभरमा हाई सुरू व्हयनं. तिना बाप डिंकचारोळीना धंदा करस, डोंगरमा जास. तठून काहीतरी जडी लई उना व्हई.”

डोंगरातली माणसं बिचारी आपला डिंक विकून, मीठ घेऊन घरी जात. पण सपाटीवर कुणाचं काही बिघडलं की बोट डोंगराकडे जायचं.

सून सखू, शंकरची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती फक्त माझ्याकडे पाहत होती, कारण त्या घरात त्या क्षणी तिला परका वाटणारा आणि म्हणून कदाचित तिच्या बाजूने बोलेल असा मी एकटाच होतो.

मी काय केलं ते सरळ लिहितो. मी कोनाड्यातली बाटली उचलून कोटाच्या खिशात घातली. सांगितलं, लिंबाचं पाणी द्या, निजू द्या, घाबरू नका, सकाळपर्यंत उतरेल. आणि दमणीत बसून परत आलो. मला नोकरीची भीती वाटली. घरी आई होती, बायको होती, दोन लेकरं होती. बाई तर बरी होणारच आहे, असं मी स्वतःला वाटभर समजावत होतो. सखूचं काय होणार, तो विचार मी दमणीत बरोबर घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या वेळी शंकर आला. चेहरा उतरलेला.

“आईले आते बरं शे. भाकर खादी. पन बापूनी सखूना बापले निरोप धाडेल शे. आज दुपारले तो लोणखेडाथून गाडी लई येई. सखूले लई जाई. बापू म्हनस, कायमनं.”

“आणि तू काय म्हणतोस?”

तो खिडकीची चौकट नखाने खरवडत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

डॉक्टर आदल्या संध्याकाळी परतले होते. मी आत गेलो, बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. खिशात घातल्याचंही सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

“डिंक नव्हता?”

“नाही साहेब.”

“डिंकाच्या लाडवांच्या मुलखात डिंक नव्हता,” ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. मग कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. “हिरवी घेऊन जा. बापूंना समजेल असं करून दाखवा. मी एवढी रांग संपवून टांग्याने येतो. तुमच्या नोकरीचं काय करायचं ते नंतर बघू. आधी ती मुलगी.”

पिंपळखेड्यात पोचलो तेव्हा अंगणात बैलगाडी उभी होती. बैल जुंपलेलेच होते. सखूचा बाप हिरामण, उन्हाने काळवंडलेला, हडकुळा माणूस, जूवर हात ठेवून उभा होता. सखूचं बोचकं ओट्यावर बांधून ठेवलं होतं आणि ती त्याच्याशेजारी बसली होती. गजराबाई खांबाला टेकून होत्या. चेहरा थकलेला. त्या कुणाकडेच पाहत नव्हत्या.

मी बापूंना म्हटलं, चूक माझी आहे. औषधात डिंक घातला नाही.

“डिंक नही टाका म्हनीसन मानूस येडं व्हस?” बापूंनी विचारलं.

मी गजराबाईंना विचारलं, “तुम्ही बाटली दुधाने विसळून प्यायलात ना?”

“विसळानी नही तं काय फेकी देवानी?” त्या करवादल्या. “दूध वहूनी दिन्हं, बाटलीमा मी टाकं. दर खेपले टाकस.”

मग मी ओट्यावर दुकान मांडलं. त्याच बाटलीत त्यांना दिली होती तितकीच हिरवी मोजली आणि पाणी ओतलं. पाणी हिरवट दुधाळ झालं. बाटली उन्हात ठेवली. थोड्या वेळाने वरचं पाणी निवळत चाललं आणि काचेवर चिकट थर धरला. पाणी हळूच ओतून दिलं. आणखी पाण्याने दोनदा खळखळून धुतलं, थर जागचा हलला नाही. मग सखूला म्हटलं, दूध गरम कर. ती बापूंकडे पाहत राहिली. बापूंनी मान हलवली तेव्हा उठली. गरम दूध बाटलीत घालून मी हलवलं आणि वाटीत ओतलं. काच लख्ख, दूध हिरवट.

अंगणात जमलेली माणसं पुढे वाकून पाहत होती. बापू मात्र मिशीवरून हात फिरवत राहिले.

“काचले चिकटनं, दूधमा निघनं, कबूल. पन येनामुयेच तिले तसं व्हयनं, हाई कशावरथून? तुम्ही सरकारी मानूस. पोरीनी दया उनी व्हई, म्हनीसन सांगी ऱ्हायनात.”

“मग मीच पितो,” मी म्हणालो. हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. बोलून झाल्यावर घाम फुटला, कारण मी सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. पण वाटी उचलली आणि पिऊन टाकली.

बापू म्हणाले, “ठीक शे. त्या निंबनी सावली गव्हाणीले लागी तोपर्यंत देखसूत. नही तं गाडी जाई.”

हिरामण पहिल्यांदाच बोलला. “मी बैल सोडत नही. काय व्हवानं ते व्हई जाऊ द्या.”

आणि मग काहीच झालं नाही. मी ओट्यावर बसलो. माणसं माझ्याकडे पाहत होती, मी निंबाच्या सावलीकडे. बैराग्याचं बोलणं आठवत होतं, पोटातून गेलं की उशिरा येतं. पण किती उशिरा? आणि हिरवीचा भरवसा काय? त्याच साठ्यातली होती खरी, पण चार दिवसांत मेली असली तर? मी जास्त जेवून आलो होतो, म्हणून दबली तर? सावली सरकत होती. सखूने बोचक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मी आयुष्यभर देवाकडे बरंच काही मागितलं, पण मला नशा चढू दे म्हणून त्या दिवशी एकदाच मागितलं, आणि अगदी हात जोडून मागितलं.

सावली गव्हाणीपासून वीतभर राहिली असेल. मी डाव्या बैलाच्या कानाकडे पाहत होतो. तो कान हलला. इतका शहाणा कान मी कधी पाहिला नव्हता. मग मी बापूंच्या पागोट्याकडे पाहिलं. ते पागोटं फार गंभीर होतं. खाली बापू होते, वर ते होतं, आणि दोघांपैकी रागावलंय कोण तेच मला कळेना. मला हसू फुटलं. ते आवरता आवरेना. चार माणसांत, सरकारी कोट घालून, मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटलो.

“दादा, काय व्हयनं?” शंकर जवळ आला.

“ती सावली,” मी म्हणालो, “वर्षभर तिथेच आहे.” जीभ टाळूला चिकटली होती. शब्द तोंडातून निघून फार लांब जाऊन मग मला ऐकू येत होते. छाती धडधडायला लागली आणि एकदम वाटलं, मी मरतोय. आपण काय प्यायलो, किती प्यायलो, हे सगळं ठाऊक असूनही वाटलं. पेशंटना ‘घाबरू नका’ म्हणणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं. मी पाणी मागितलं. रांजण तिथे होता, पण तो मागे मागे जात होता.

“असंच!” गजराबाई खांब सोडून उठल्या. “बापा, असंच! माले बी तो रांजन दूर दूर पयी ऱ्हायंता! दादा, आते तुम्हले भूक लागी. देखज्यात, असी भूक लागी का बैलनी वैरन खाई टाकश्यात.”

आणि खरोखर लागली. पोटात खड्डा पडला. मी लहान मुलासारखा भाकरी द्या, भाकरी द्या म्हणून रडायला लागलो. आता अंगणच्या अंगण हसत होतं. हिरामणही जूवर डोकं टेकून हसत होता. सखू उठली. कुणाला न विचारता आत गेली, चूल पेटवली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा माझ्यापुढे आला. तसली भाकरी मी त्याआधी आणि त्यानंतर कधी खाल्ली नाही. किती खाल्ल्या, हे त्या गावात अजून वाढवून सांगतात.

गजराबाई माझ्याकडे बघत हसत होत्या, आणि मधेच त्यांचं हसू थांबलं. त्यांनी ओट्यावरचं बोचकं उचललं, छातीशी धरलं आणि बापूंवर ओरडल्या, “काय देखतस? बैल सोडा ना! व्याही उना शे, त्याले पानी तरी इचारा!”

बापूंनी स्वतः जाऊन जू उतरवलं.

डॉक्टर टांग्याने आले तेव्हा मी पाचवी की सहावी भाकरी खात होतो. त्यांनी माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि म्हणाले, “शुद्धीवर आलात की काय काय झालं ते क्रमाने लिहून काढा. पुस्तकात इतकं चांगलं वर्णन नाही.” वरच्या कचेरीला त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं. माझ्या नावावर शेरा बसला, नोकरी राहिली. बायकोने मात्र आठवडाभर मला ‘या गोसावीबुवा’ म्हणून जेवायला हाक मारली.

हिरामण दर हिवाळ्यात धावड्याच्या डिंकाची पुरचुंडी आणून खिडकीत ठेवायचा. “औषधमा टाका,” एवढंच म्हणायचा. माझ्या हातून डिंकाशिवाय हिरवी पुन्हा गेली नाही. पुढे पुढे डॉक्टर बदलले, नवीन औषधं आली, आणि हिरवी पुस्तकातूनच काढून टाकली. तिचा भरवसा नाही, असं कारण सांगत. खरंच होतं ते. तरी वरच्या खणातली ती जागा रिकामी पाहून मला वाईट वाटलं. इतक्या जणांचं दुखणं तिने पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. गजराबाई तर अखेरपर्यंत म्हणायच्या, नवीन औषधांना काही चव नाही.

पिंपळखेड्यात माझं नाव मोठं झालं. सुनेसाठी गांजा प्यायलेला कंपाउंडर म्हणून मला लग्नामुंजीची आमंत्रणं येत. मी ती घेत असे आणि आदल्या दिवसाबद्दल गप्प बसत असे. खिशात घातलेली ती बाटली कुणाला ठाऊक नव्हती. डॉक्टरांनी कुणाला सांगितलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात सखू नातवाच्या खोकल्याचं औषध न्यायला आली. केस पिकले होते, आता सगळं घर तीच चालवत होती. खिडकीपाशी आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही.

“सखू, तुला सांगायचं राहिलं. त्या पहिल्या दिवशी मला सगळं कळलं होतं. मी बाटली खिशात घालून निघून आलो.”

“माले दिसनं व्हतं ना, दादा,” ती म्हणाली. “मी दारमाच उभी व्हती.”

“मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस?”

तिने औषधाची बाटली हातात घेतली, पदराने पुसली. “तुम्ही एक दिन उशिरे उनात,” ती म्हणाली, “पन परत उनात ना.”

मग तिने बाटली उजेडात धरली आणि मी न सांगता चांगली खळखळून हलवली.